रविवारचा आकडा

७ जानेवारी, रविवार

काल लुंबिनीला लातूरला सोडून आलो. हॉस्टेल पाच मजली आहे आणि तिची खोली चौथ्यावर. मी जिना मोजला, बहात्तर पायऱ्या. वॉर्डन गुरम्माबाईंना विचारलं, "खालची एखादी खोली न्हाई का?" त्या म्हणाल्या, "खाली मेस हाय, साहेब. भांड्यांच्या आवाजात पोरगी वाचंल का?" बरोबर आहे. पण लुंबिनीला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, जमीन हलली की पुस्तक, मोबाइल, चप्पल काही बघायचं नाही, धावत खाली यायचं. ती म्हणाली, "पप्पा, बालवाडीपासून हेच सांगून राहिलेत तुम्ही."

सांगणार नाही तर काय करणार? किल्लारीच्या भूकंपात मी पंधरा वर्षांचा होतो. वडिलांनी, अण्णांनी, मला ओढून अंगणात टाकलं आणि धाकट्या भावाला आणायला ते परत आत गेले. ते दोघं दुसऱ्या दिवशी भिंतीखालून निघाले. म्हणून नांदेडात घर बांधताना मी स्लॅब टाकला नाही, पत्रे टाकले. पाटबंधारे खात्यातला हेडक्लार्क पत्र्यात राहतो म्हणून लोक हसतात. हसू देत.

मागच्या मे महिन्यात तिला नीटला ४८७ पडले. तेव्हापासून घरीच वाचत होती, पण ऑफिसात जो तो म्हणे, लातूरला टाकल्याशिवाय पोरं डॉक्टर होत नाहीत. शेवटच्या चार महिन्यांची बॅच निघत होती. मी नाव घालून आलो आणि मग तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि माझे झिंगे?" मी म्हणालो, मी आहे ना.

हे झिंगे म्हणजे नखाएवढे, लालचुटूक. ती त्यांना चेरी श्रिंप म्हणते. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली तिची दोन फुटी काचेची टाकी आहे. आत माती, शेवाळ, हिरवी रोपं आणि बुडबुडे सोडणारा एक स्पंज. काचेला तिनं कागद चिकटवलाय. आठवड्याला अर्धी बादली पाणी बदलायचं, नवं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच ओतायचं, खाऊ चिमूटभरच, खोलीत मच्छरची कॉइल लावायची नाही.

ठरलंय असं की दर रविवारी दुपारी फोन. तिनं विचारायचं झिंगे किती, मी विचारायचं टेस्टला किती. आज पहिला आकडा दिला, अडतीस. तिची टेस्ट अजून व्हायचीय.

१६ जानेवारी

सकाळी टाकीच्या तळाशी एक मेलेला. आरपार दिसत होता, पाय, मिशा सगळं जागच्या जागी. दहा दिवसांत पहिला गेला. बायको, पंचफुला, अंगणवाडीत कामाला निघाली होती, ती वाकून बघून म्हणाली, "एवढ्याशा झिंग्याची चटणी बी व्हायची न्हाई, आन् तुमचा चेहरा बघा." तिला सगळ्याची थट्टा सुचते.

न राहवून लुंबिनीला फोन केला. ती खळखळून हसली. "पप्पा, ती कात आहे. ते वाढले की जुनी कात टाकतात. काढू नका, तेच खातात ती." मग म्हणाली, "कात टाकली की अंग लई मऊ असतं त्यांचं. दोन-तीन दिवस लपून राहतात. तेव्हा त्यांना हुडकू नका, बस." तिचं हसणं ऐकून बरं वाटलं.

२८ जानेवारी, रविवार

मी: एक्केचाळीस. (तीन पिल्लं मोजली. तिळाएवढी आहेत, भिंग लावून बघितली.)

ती: ५४०.

तीन आठवड्यांत ५४०! पंचफुलाला म्हणालो, बघ, लातूरचं पाणीच वेगळं. ती म्हणाली, "पोरगी जेवती का ते इचारलं का?" विचारलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

आज एक चांगलं काम केलं. झिंग्यांचं पाणी इतके दिवस बाथरूमातल्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवत होतो. बादलीला आतून हिरवट थर आलाय. ज्या पाण्यात आपण तोंड धुणार नाही ते पोरीच्या जिवांना का द्यायचं? माझ्या पित्तासाठी मी रोज रात्री तांब्याच्या घागरीत पाणी ठेवतो आणि सकाळी अनशापोटी पितो. लग्नात पंचफुलाच्या माहेरून आलेली घागर आहे. फायदा तर आहेच. ऑफिसातला रामकिशन म्हणतो, तांब्यातल्या पाण्यात रोगजंतू टिकत नाहीत. मग ठरवलं, आजपासून झिंग्यांचं पाणीही त्याच घागरीत.

चिंच आणि मीठ लावून घागर घासली. नव्यासारखी चकाकली. पाणी भरून एक दिवस उघडं ठेवलंय, कागदावर लिहिल्याप्रमाणे.

१८ फेब्रुवारी, रविवार

ती: ५६२. मी: एक्केचाळीस.

आज तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. म्हणाली, जागरण. मी म्हणालो, हेच दिवस आहेत बाळ, मेपर्यंत कळ सोस. "हाव," म्हणाली. मग मध्येच म्हणाली, "पप्पा, एखाद्या रविवारी मी फोन न्हाई उचलला तर कात टाकली समजा." मी हसलो. पंचफुलासारखीच बोलते कधीकधी.

३ मार्च, रविवार

काल दोन मेले. आज सकाळी एक. ही कात नाही, लाल रंग जाऊन दुधाळ गुलाबी झालेत. मी बोटानं हलवून बघितले.

दुपारी फोन आला. ती म्हणाली, "किती?" मी म्हणालो, "चाळीसच्या वर." तोंडातून निघून गेलं. तिची ५ मेला परीक्षा आहे. आत्ता सांगून तिचं मन कशाला मोडायचं? परीक्षेपर्यंत कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. पंचफुला म्हणाली, "खोटं कशाला बोललात?" मी म्हणालो, डॉक्टरसुद्धा पेशंटला सगळं सांगत नाही.

तिचे ५७४. दर वेळी बरोबर दहा-बारानं वाढतात. किती सातत्य आहे पोरीत!

१२ मार्च

पाणी खराब होत असेल म्हणून आता आठवड्यातून दोनदा बदलतोय. घागर रोज घासतो. तरी सहा गेले. पोटाशी अंडी घेतलेली एक मादी सकाळी आडवी पडली होती, पाय हलत होते. मी खुर्ची टाकून समोर बसलो, ऑफिसला तासभर उशीर झाला. साहेबांना सांगितलं, पित्त खवळलं. झिंग्यासाठी उशीर झाला असं कोण सांगणार?

मला भीती वाटते. लुंबिनीनं चार वर्षांत एक मरू दिला नाही. नववीत असताना खाऊच्या पैशांतून दहा आणले होते तिनं, त्यांचे हे एवढे झाले.

२० मार्च

आज टाकीत काहीतरी भलतंच. एरवी शेवाळावर निवांत चरतात, आज वरखाली नुसते सैरावैरा. काचेवर आपटतात, पाण्याच्या वरपर्यंत येतात, परत खाली. पाणी बदलून तासही झाला नव्हता.

मला एकदम आठवलं. त्या वर्षी भूकंपाच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतली कुत्री दिवसभर रडत होती. अण्णा म्हणाले होते, गणपतीच्या ढोलांमुळे. जनावरांना आधी कळतं. पंचफुलाला म्हणालो, आज बाहेर झोपू. ती म्हणाली, "डास फोडून खातील. तुम्ही झोपा."

२१ मार्च

झाला. सकाळी सहाच्या सुमारास. आधी पत्रे वाजले, मग भांडी, मग पायाखाली तो घरघर आवाज. तीस वर्षांत विसरलो नव्हतो तो आवाज.

मी अंगणात होतो. कसा आलो आठवत नाही. पंचफुला आत चहा करत होती. मी बाहेरून ओरडलो, "बाहेर ये! बाहेर ये!" आत गेलो नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. ती सांडशी हातात घेऊन सावकाश बाहेर आली आणि माझ्याकडे बघून काही बोलली नाही. तिला थट्टा सुचली असती तर बरं झालं असतं.

लगेच लुंबिनीला फोन लावला. तिथंही थोडं हललं म्हणे. पहिल्याच रिंगला उचलला. "हाव पप्पा. आले खाली. खालीच आहे मी." बाकी पोरींचा आवाज येत नव्हता. मागे पंखा फिरावा तशी घरघर होती. रेंजची असेल. मी म्हणालो, तासभर वर जाऊ नको. "बरं," म्हणाली.

पोरीनं माझं ऐकलं. इतकी वर्षं बडबडलो त्याचं आज चीज झालं. दिवसभर डोळे भरून येत होते.

२२ मार्च

रामकिशनला झिंग्यांचं सांगितलं आणि चूक केली. संध्याकाळी गल्लीतले दहाबारा जण टाकीसमोर. "आज काय म्हणतेत झिंगे?" "बसलेत का पळतेत?" शेजारच्या नीलाबाईंनी तर खाटा अंगणात काढल्या. एक जण म्हणाला, भाऊ, कलेक्टरला कळवा. मी मान डोलवत होतो, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. मेलेले दोन मी लोक यायच्या आधी चिमट्यानं काढून ठेवले होते.

२६ मार्च

काल धुळवड झाली. आज पाणी बदललं आणि परत तेच, सैरावैरा. म्हणजे मोठा धक्का अजून यायचाय. लुंबिनीला फोन केला, म्हणालो, झिंगे बेचैन आहेत, तू दोन दिवस खाली मेसमध्ये झोप.

ती म्हणाली, "पप्पा, ते कधीपासून असं करून राहिलेत?"

"आजच."

"मेलं का कोणी?"

"न्हाई गं."

"पाण्यात काही गेलं असंल. नीट बघा." मग हळूच म्हणाली, "ते सांगू शकत न्हाईत ना. आपणच बघावं लागतं."

मी म्हणालो, तू झिंग्यांचा विचार करू नको, वाच.

३१ मार्च, रविवार

ती: ६१०. मी: पंचेचाळीस.

टाकीत सात आहेत. सातही एका कोपऱ्यात, स्पंजच्या मागे. मी सहाशे दहा ऐकून "शाब्बास" म्हणालो, पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला. ती "पंचेचाळीस? छान," म्हणाली. तिचाही तसाच वाटला. मग फोन कुणी ठेवला ते कळलं नाही.

ऊन वाढलंय. बाटलीत बर्फ करून टाकीत सोडतोय, वर ओला टॉवेल.

२ एप्रिल

कालच्या दिवसात सातही गेले.

ऑफिसातून अर्धी रजा टाकून स्टेशनकडच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार बसवंत लुंबिनीला ओळखतो, तिनं पहिले दहा त्याच्याकडूनच नेले होते. माझा बेत असा होता की पन्नास नवे घ्यायचे आणि टाकीत सोडून द्यायचे. लाल ते लाल, कुणाला कळणार आहे?

बसवंत म्हणाला, "आधीचे कशानं गेले ते कळू द्या ना काका. घरात औषध मारलं?"

"न्हाई."

"कॉइल? अगरबत्ती?"

"न्हाई. पोरीनं लिहून ठेवलंय, मी त्याच्या बाहेर गेलो न्हाई."

"पाणी कशात ठेवता?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तांब्याच्या घागरीत, रोज चिंचेनं घासून.

त्यानं हातातली जाळी खाली ठेवली. "काका, तांबं म्हणजे ह्यांना जहर. आपल्याला चालतं, माशाला बी थोडं चालंल, झिंग्याला न्हाई चालत. आन् चिंचेनं घासलं म्हणजे तर अजून उतरतं पाण्यात."

मी विचारलं, पाणी बदललं की सैरावैरा पळायचे ते?

"जळत असंल अंग. अजून काय."

मी खुर्ची मागून घेतली. त्यानं पाणी दिलं, ते हातात धरून तसाच बसलो. पन्नास नवे मागितले तर म्हणाला, "त्या टाकीत सोडू नका. माती, शेवाळ, सगळ्यात बसलं असंल. हे बी मरतील."

म्हणजे भूकंप त्यांना कळला वगैरे काही नव्हतं. मी गल्ली गोळा करून त्यांचं मरण दाखवत होतो. आणि ते पाणी मी किती प्रेमानं ओतलं! प्लास्टिकमधल्या पाण्यात ते चार वर्षं सुखात होते. मला वाटलं, ह्यापेक्षा चांगलं द्यावं.

पंचफुलाला सांगितलं. ती बराच वेळ घागरीकडे बघत राहिली. म्हणाली, "पोरीला खरं सांगा." मी म्हणालो, पाच मेनंतर. ती म्हणाली, "तुम्हाला भ्या वाटतंय." वाटतंयच. मी कधी नाही म्हणालो?

७ एप्रिल, रविवार

आज लुंबिनीनं आकडा विचारलाच नाही. म्हणाली, "पप्पा, व्हिडिओ पाठवा. बघावं वाटून राहिलं."

मी म्हणालो, लाइट गेलीय. ती म्हणाली, आल्यावर पाठवा. दिवसभर डोकं चालवलं. शेवटी मोबाइलमध्ये जुना व्हिडिओ सापडला, ती गेल्यानंतर आठवडाभरात काढलेला. लाल ठिपके शेवाळावर मजेत चरतायत. तो पाठवला आणि सुटल्यासारखं वाटलं.

पाच मिनिटांत फोन. "पप्पा, मागं कॅलेंडर जानेवारीचं दिसून राहिलं."

म्हणालो, बदलायचं राहिलंय.

"मी गेल्यावर फेब्रुवारीचं पान आईनं उलटलं होतं. तिनं मला दर महिन्याला नव्या पानाचा फोटो पाठवलाय, माझ्या टेस्टच्या तारखा लिहून." आवाज अजिबात चढला नव्हता. "असू द्या पप्पा. तुम्ही पण."

आणि फोन ठेवला. तुम्ही पण? मी पण काय? परत लावला तर उचलला नाही.

८ एप्रिल

फोन बंद. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. क्लासच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, नंबर विचारला, मग म्हणाल्या, "ही मुलगी बऱ्याच दिवसांपासून गैरहजर दिसते. पालकांच्या नंबरवर मेसेज जातात की रोज." मी म्हणालो, दुसरी कुणी असेल, माझी मुलगी सहाशेच्या वर मार्क पाडते. त्यांनी टेस्टची यादी बघितली. फेब्रुवारीनंतर तिचं नाव एकाही टेस्टला नाही. पालकांचा नंबर म्हणून जो नोंदवलाय तो लुंबिनीचाच जुना नंबर आहे, तिनंच मागाहून बदलून घेतलेला.

गुरम्माबाईंना फोन केला. "पोरगी खोलीत हाय की साहेब. पाळी-बिळी असंल, दोन दिस जेवायला आली न्हाई." मी म्हणालो, बाई, तिच्याजवळ जाऊन बसा. मी येईपर्यंत उठू नका. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, "बसते," एवढंच म्हणाल्या.

पंचफुला म्हणाली, मी येते. पण तिचा पाय मुरगळलाय, चालवत नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी निघतो. तिकडे जमीन हलणार नाही हे मला माहीत आहे. तरी इतका मी त्या दिवशीही घाबरलो नव्हतो.

१० एप्रिल

कालचं आज लिहितोय.

लोहा, अहमदपूर, चाकूर. गाडी प्रत्येक थांब्यावर पाडव्याचे हार आणि गाठ्या घेतलेली माणसं चढवत होती. मी मनात पाठ करत होतो तिला काय विचारायचं. क्लासला का गेली नाहीस? खोटं का बोललीस? तीन महिने काय केलंस?

गुरम्माबाई खोलीच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. रात्रीही तिथंच पडल्या होत्या म्हणे. मला बघून उठल्या, "आता तुम्ही बसा," म्हणाल्या आणि खाली गेल्या. लुंबिनी कॉटवर भिंतीकडे तोंड करून. ती इतकी बारीक झाली होती की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटेना. उठून बसली. "पप्पा, रागवा," म्हणाली.

पाठ केलेलं सगळं विसरलो. तोंडातून भलतंच निघालं.

"झिंगे मेले, बाळ. सगळे. एक बी न्हाई राहिला. माझ्या हातानं मेले, तांब्याच्या घागरीतलं पाणी घालून घालून. मार्चपासून मरून राहिले आन् मी तुला चाळीस, पंचेचाळीस सांगून राहिलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मार्चपासून?"

"हाव. मी चांगलं म्हणून केलं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळं चांगलं म्हणूनच करता."

हे ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग ती रडली. मी तिला असं रडताना लहानपणानंतर बघितलं नव्हतं. झिंग्यांसाठी रडतेय असं वाटलं आणि मी क्षमा मागत राहिलो, तर ती मान हलवून नाही, नाही म्हणत होती. हळूहळू सांगितलं. पहिल्या महिन्यातच काही शिरेनासं झालं डोक्यात. ५४० खरे नव्हतेच, ३९० होते. पुढे टेस्टला बसायचीच बंद झाली. सकाळी दप्तर घेऊन निघायची आणि बसस्टँडवर जाऊन बसायची. नांदेडची गाडी लागली की उठून दारापर्यंत जायची आणि परत यायची.

"चढायचं होतंस," मी म्हणालो.

"घरी येऊन काय सांगणार होते? तुम्ही सगळ्या ऑफिसला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. ६१० चे तर मी पेढे वाटले होते. ते तिला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, कारण मी तेही सांगून टाकलं.

मग पांघरुणाचा धागा ओढत ती म्हणाली, "त्या दिवशी मी खाली न्हवते गेले पप्पा."

"कोणत्या दिवशी?"

"हललं त्या दिवशी. सगळ्या पोरी पळाल्या. मी इथंच पडून होते. तुमचा फोन आला तेव्हा बी इथंच होते. वर पंखा हलून राहिला होता, तो बघत होते. म्हणलं, पडू दे."

मी तिचा हात धरला होता एवढं आठवतं. जगातलं तेवढं एक वाक्य ऐकायला मी तयार नव्हतो. अण्णा भिंतीखाली गेले ते पोरासाठी गेले. माझी पोर छताखाली स्वतः पडून राहिली होती आणि मी इकडे डोळे पुसत होतो की पोरीनं माझं ऐकलं.

दुपारपर्यंत मी त्या चौथ्या मजल्यावर बसून होतो. गुरम्माबाईंनी वरणभात वर आणून दिला. लुंबिनीनं दोन घास खाल्ले. मी वर स्लॅबकडे एकदाही बघितलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

ती म्हणाली, "परीक्षा?"

मी म्हणालो, "सामान भर."

१२ एप्रिल

मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रामकिशनकडूनच पत्ता घेतला, त्यानं एक शब्द उलटा विचारला नाही. डॉक्टरीणबाई लुंबिनीशी एकटीशी पाऊण तास बोलल्या. मग मला आत बोलावलं. म्हणाल्या, गोळ्या सुरू करू, दर आठवड्याला आणा, एकटी ठेवू नका. आणि म्हणाल्या, "तिला बरं वाटतं का, हे विचारत जा. पण उत्तर तुम्हाला हवं तेच यावं असा चेहरा करून विचारू नका." मी घरी येऊन आरशात बघितलं, माझा चेहरा कसा असतो विचारताना ते कळावं म्हणून. कळलं नाही.

पंचफुला पोरीच्या अंथरुणाशेजारी झोपते. मी दाराशी.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळी विहारात वंदना झाली, दुपारपासून गल्लीत निळे झेंडे आणि ढोलताशे. लोक येऊन जयभीम घालतात आणि लुंबिनीला बघून विचारतात, "सुट्टी लागली का? पेपर कधी? यंदा तर डॉक्टर पक्की." पहिल्या दोघांना मी "हो हो" म्हणालो. तिसऱ्याला, नीलाबाईंना, म्हणालो, "ती यंदा परीक्षा देत नाही. तिची तब्येत बरी नाही." नीलाबाई म्हणाल्या, "मग तिला गलक्यात कशाला बसवलं? माझ्याकडं मागल्या खोलीत झोपू द्या." आणि खरंच हाताला धरून घेऊन गेल्या.

संध्याकाळी मी तिला आणायला गेलो. ती जागी होती, खिडकीशी बसली होती. मला भीती वाटते, अजून वाटते, ती नजरेआड झाली की जास्त. आता पुढे कितीही आकडे ऐकले तरी त्यातला खरा कोणता हे मला कधी ओळखता येणार आहे का, ते माहीत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं.

"जेवलीस का?"

"न्हाई."

"बरं वाटतंय का बाळ?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी तो शक्य तितका मोकळा ठेवला.

"न्हाई, पप्पा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बरं." आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.